एन्रॉनचं प्रगतिपुस्तक

मार्च उजाडला की पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत उन्हाळ्याबरोबर अभिप्रायही सुरू होतो. वार्षिक मूल्यमापन तोंडावर आलेलं असतं आणि साहेबांना हाताखालच्या माणसांशी धड बोलता येत नाही, हा शोध एचआर खात्याला दरवर्षी याच महिन्यात लागतो. मग एखाद्या हॉटेलातला थंडगार हॉल, बुफे जेवण आणि कॉलरला माइक लावलेला प्रशिक्षक. तो सांगतो, अभिप्राय वडापावासारखा द्यावा. खाली कौतुकाचा पाव, वर कौतुकाचा पाव, मधे टीकेचा वडा. साहेबलोक वहीत उतरवून घेतात. सोमवारी प्रयोग होतो आणि हाताखालचा माणूस दोन्ही पाव खाऊन घरी जातो. बायकोला सांगतो, यंदा बढती नक्की.

या कार्यशाळांत उदाहरणं असतात टोयोटाची, गूगलची, फार तर डबेवाल्यांची. दाभोळचं उदाहरण कुणी देत नाही. वास्तविक अभिप्राय कसा द्यावा, कसा घ्यावा, कसा टाळावा आणि टाळल्यावर काय किंमत मोजावी लागते, हा सगळा अभ्यासक्रम वाशिष्ठीच्या मुखाशी एका जागी मांडून ठेवलेला आहे. दापोलीहून एसटीने दाभोळ गाठावं, फेरीबोटीत बसून पलीकडे धोपाव्याला उतरावं. हॉलचं भाडंही वाचेल.

ज्या कंपनीमुळे दाभोळचं नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत गेलं, त्या ह्यूस्टनच्या एन्रॉनइतकं अभिप्रायाचं वेड त्या काळी क्वचितच कुणाला असेल. जेफ्री स्किलिंग या गृहस्थांनी तिथे एक व्यवस्था बसवली होती, परफॉर्मन्स रिव्ह्यू कमिटी. दर सहा महिन्यांनी प्रत्येकाचं मोजमाप. वरचे, बरोबरीचे, हाताखालचे, सगळे तुमच्याबद्दल लिहिणार. मग व्यवस्थापक एका खोलीत बसून माणसामागे एक आकडा ठरवणार, एक ते पाच. एक म्हणजे देवमाणूस. पाच म्हणजे टेबल आवरायला घ्या. तळाच्या साधारण पंधरा टक्क्यांत कुणाला तरी बसवावंच लागे, मग सगळे कामाचे का असेनात.

व्हायचं तेच झालं. त्या खोलीत व्यवस्थापकांची देवाणघेवाण सुरू झाली. तू माझ्या माणसाला हात लावू नकोस, मी तुझ्या माणसाला सांभाळतो. जो आज तुमच्याबद्दल लिहिणार त्याच्याशी काल वाद घालायचा कुणी? शेजारच्या टेबलावर चूक दिसली तर ती सांगायची कशाला? त्याला पाच मिळाला तर आपला तीन पक्का. कंपनीच्या कागदांवर मात्र चार मूल्यं ठळक छापलेली होती: आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता. आपल्याकडे सरकारी कचेरीत ‘लाच देणे-घेणे गुन्हा आहे’ ही पाटी ज्या भिंतीवर असते, साधारण तीच भिंत.

आता आकडा कशावर ठरायचा? परदेशी प्रकल्प उभे करणाऱ्या एन्रॉनच्या मंडळींना घसघशीत बोनस मिळत असे आणि तो मिळायचा करारमदार आणि कर्जाची जुळणी पुरी झाल्यावर, पुढे किती नफा होईल त्याच्या अंदाजावर. प्रकल्प चालला की नाही, वीज विकली गेली की नाही, घेणाऱ्याने पैसे दिले की नाही, हे कळायला लागतात वर्षं. तोवर बोनस खर्चूनही झालेला असतो. सही करणाऱ्याचं प्रगतिपुस्तक सहीच्या दिवशीच भरून टाकलं, तर सहीनंतरच्या कुठल्याही शेऱ्याला तो कान कशाला देईल?

जून १९९२ मध्ये एन्रॉनची माणसं भारतात उतरली आणि आठवड्याच्या आत, २० जूनला, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाशी त्यांचा सामंजस्य करार झाला. निविदा नाहीत, दुसऱ्या कुणाला विचारणा नाही. कोकणात आंब्याची बाग खंडाने द्यायची तरी माणूस दोन-तीन व्यापाऱ्यांना विचारतो. इथे २,०१५ मेगावॅटचा प्रकल्प, तेव्हाची देशातली सर्वांत मोठी परकीय गुंतवणूक, एवढ्या अवधीत ठरली. इतकी चपळाई मंडळाने खांबावरचा दिवा बदलताना कधी दाखवली असेल तर ऐकिवात नाही.

पहिला शेरा आला तो जागतिक बँकेचा. ही बँक काही डफ घेऊन मोर्च्यात फिरणारी संस्था नव्हे. खासगी भांडवल यावं, परकीय गुंतवणूक यावी, याच पंथाची. तिच्या भारत विभागाचे प्रमुख हाइन्झ व्हर्जिन यांनी ३० एप्रिल १९९३ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाला पत्र पाठवून कळवलं की हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नाही. राज्याच्या गरजेच्या मानाने तो फार मोठा आहे. आयात केलेल्या द्रवरूप वायूची वीज रात्रंदिवस घेत राहायची तर कोळशावरची स्वस्त वीज बंद ठेवावी लागेल आणि त्या भाराखाली मंडळ वाकेल.

प्रशिक्षकांनी हे पत्र वर्गात वाचून दाखवावं. अभिप्रायाच्या सगळ्या नियमांत ते बसतं. वेळेवर आलेलं, सही व्हायच्या आधी. व्यक्तीवर एक शब्द नाही, सगळा रोख कामावर. कारणं दिलेली. दुसरा मार्ग सुचवलेला. भाषा इतकी सभ्य की ती वाचून कुणाचा चहाही गार होऊ नये.

त्यावर कंपनीने काय केलं? तिच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने विद्युत मंडळाच्या अध्यक्षांना लिहिलं की बँकेचं मत बदलता येईल असं वाटतं. पुढच्या खेपेला जनसंपर्क करणारी एक फर्म नेमू आणि वर्तमानपत्रांना सांभाळून घेऊ. दुखणं सांगणाऱ्या डॉक्टरचं मत बदलण्याची ही उपचारपद्धती तेव्हा नवी होती, आता सर्रास आहे. ८ डिसेंबर १९९३ रोजी वीज खरेदी करारावर सह्या झाल्या.

त्या करारात काय होतं ते दोन वाक्यांत सांगतो, कारण विसरायला आपण फार तत्पर आहोत. वीज घ्या किंवा घेऊ नका, यंत्रं चालवण्याच्या स्थितीत उभी आहेत एवढ्यासाठी मंडळाने ठरलेला स्थिर आकार भरायचाच, आणि तोही डॉलरच्या भावाला बांधलेला. म्हणजे वीज कमी घेतली की तो सगळा आकार थोड्या युनिटांवर पडणार आणि युनिटचा भाव आणखी चढणार. महाग म्हणून कमी घ्यायची, कमी घेतली म्हणून आणखी महाग. या चक्रात कोण सापडणार हे कळायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही, खानावळीची मासिक मेस लावलेला विद्यार्थी पुरतो.

तरीही हे आकडे कुणीतरी नीट मांडायला हवे होते. ते पुण्याच्या ‘प्रयास’ने मांडले. गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी १९९५ मध्ये प्रकल्पाचं तांत्रिक-आर्थिक विश्लेषण प्रसिद्ध केलं. घोषणा नाही, पुतळा जाळणं नाही. बेरजा, वजाबाक्या, गृहीतकं आणि गृहीतकं बदलली तर काय होईल त्याचे तक्ते. कुणीही पडताळून पाहावं. या अभ्यासासाठी मंडळाने एखाद्या सल्लागार कंपनीला किती कोटी मोजले असते ते देव जाणे. इथे तो फुकट मिळत होता, आणि आपल्याकडे फुकट मिळालेल्या सल्ल्याची किंमत सल्लागाराच्या बिलावरून ठरते.

याच सुमाराचा एक प्रसंग मला फार आवडतो. जानेवारी १९९५ मध्ये एन्रॉनच्या उपाध्यक्ष लिंडा पॉवर्स अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीपुढे साक्षीला गेल्या. त्यांनी तिथे सांगितलं की भारतातल्या मंडळींना शिक्षित करण्यावर आणि प्रकल्पाच्या पूर्वतयारीवर मिळून कंपनीने सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले आहेत, प्रकल्पाचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. साक्ष छापली गेली आणि इकडे गदारोळ उठला. हे शिक्षण म्हणजे लाच की काय, यावर सगळे तुटून पडले. लाचेचं काही सिद्ध झालं नाही. माझं कुतूहल साधं आहे. शिकवणारा एवढा खर्च करतो तेव्हा वर्गात प्रश्न विचारणाऱ्यालाही जागा असते ना? इथे ज्यांना गणित येत होतं ते सगळे वर्गाबाहेर उभे होते आणि आतले पहिल्या श्रेणीत पास होत होते.

वर्गाच्या पार बाहेर, खाडीच्या काठावर, तिसरा गट होता. प्रकल्पाला नाव दाभोळचं, पण तो दाभोळात कधीच नव्हता. दाभोळ वाशिष्ठीच्या उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात. प्रकल्प दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यात, अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांच्या परिसरात. बहमनी काळापासून परदेशी गलबतांना दाभोळ ठाऊक होतं. ह्यूस्टनच्या लेटरहेडवर वेलदूरपेक्षा तेच बरं दिसलं असावं. असो.

वेलदूरच्या मच्छीमारांचं म्हणणं काय होतं? प्रकल्पातून गरम पाणी समुद्रात आणि खाडीत सोडणार, तर मासळीचं काय होईल? गोडं पाणी प्रकल्प ओढणार, तर विहिरींचं काय? जमीन गेली त्यांना काम किती आणि किती दिवस? हे प्रश्न आहेत, आंधळा विरोध नव्हे. एखाद्या कंपनीने सल्लागार नेमून ‘स्थानिक जोखमींचा अहवाल’ मागवला असता तर यापेक्षा वेगळं काही हाती आलं नसतं. अहवाल गुळगुळीत कागदावर आला असता आणि त्यात भाकरीचा वास नसता, एवढाच फरक.

गंमत बघा. वीज पुरवठ्याच्या १९४८ च्या कायद्यात अशी योजना राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करून हरकतींसाठी किमान दोन महिने देण्याची तरतूद होती. ‘हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’ हे वाक्य आपल्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर, हरवले-सापडलेच्या शेजारी, वर्षानुवर्षं छापून येतं. हरकती येतातही. त्यांचं पुढे काय होतं, हे हरवले-सापडलेत शोधावं. पर्यावरणाच्या मंजुरीआधी जनसुनावणी घ्यावी हा नियम केंद्राने १० एप्रिल १९९७ रोजी केला. त्याच वर्षी गुहागरात जमावबंदीचे हुकूम, अटका आणि लाठ्या चालू होत्या. जूनच्या सुरुवातीला पहाटे पोलीस वेलदूरच्या घरांत शिरले आणि बायकांनाही मारहाण झाली. मेधा पाटकर, माजी न्यायमूर्ती बी. जी. कोळसे पाटील यांनाही त्या काळात पकडलं गेलं. जुलैत अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने यावर अहवाल काढला, जानेवारी १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने. या दुसऱ्या अहवालात नोंदवलेली एक बाब अशी की प्रकल्पाच्या बंदोबस्ताला असलेल्या राज्य राखीव पोलिसांचा खर्च कंपनी भरत होती. म्हणजे लोकांचं म्हणणं ऐकायची यंत्रणा उभी करण्यात कंपनीने पैशाकडे पाहिलं नाही, असंही म्हणता येईल.

राजकीय पक्षांना वगळलं तर त्यांच्यावर अन्याय होईल. अभिप्राय देण्यात त्यांचा हात कोण धरणार? १९९५ च्या निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा झाली. ही भाषा करणाऱ्यांची सत्ता आली. गोपीनाथ मुंडे यांच्या उपसमितीने करारावर कडक शेरे मारले, स्पर्धा नाही, पारदर्शकता नाही, घाई झाली, खर्च फुगवलेला आहे. ३ ऑगस्टला मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. इतक्या ठाम अभिप्रायावर नोव्हेंबरात फेरवाटाघाटींचा गट नेमला गेला, त्याने अकरा दिवसांत काम उरकलं आणि जानेवारी १९९६ मध्ये प्रकल्प पाण्यातून वर आला तो २,१८४ मेगावॅटचा होऊन. बुडवलेली वस्तू फुगून वर येते, हा भौतिकशास्त्राचा नियमच आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात दिल्लीतल्या तेरा दिवसांच्या सरकारने जाता जाता केंद्राची प्रतिहमीही मंजूर केली. ज्यांनी मूळ करार केला ते आता विरोधी बाकांवर होते आणि त्यांना करारातले दोष दिसू लागले होते. बाक बदलला की नजर सुधारते, चष्म्याचा खर्च नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, ७४० मेगावॅट, इंधन नाफ्था. नाफ्था महागला, डॉलर चढला, मंडळाने वीज कमी घेतली, स्थिर आकाराने आपलं काम चोख केलं आणि एका टप्प्याला युनिटचा भाव सात रुपयांच्या वर गेला. २००१ च्या मे महिन्यात मंडळाने करार मोडला, महिनाअखेरीस प्रकल्प थांबला. बँकेने १९९३ मध्ये बिनपैशाने लिहून दिलेला शेरा मंडळाने आठ वर्षांनी बिल भरून वाचला.

मधल्या काळात, फेब्रुवारी २००१ मध्ये, राज्य सरकारने माधव गोडबोले यांची समिती नेमली. सोबत दीपक पारेख, ई. ए. एस. सर्मा, राजेंद्र पचौरी, किरीट पारीख असे लोक. समितीने एप्रिलमध्ये अहवाल दिला आणि जवळजवळ प्रत्येक पायरीवर, प्रत्येक सरकारच्या काळात कारभार कसा ढासळला ते लिहून ठेवलं. उत्तम अहवाल आहे. आपल्या राज्याला उत्तम अहवालांची परंपरा आहे. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं बोलायचं आणि प्रकल्प गेल्यावर त्याच्याबद्दल खरं, अशी आपली वाटणी ठरलेली आहे.

ह्यूस्टनमध्ये तेव्हा काय चाललं होतं? तीच तऱ्हा, फक्त वातानुकूलित. जोखमीची गणितं मांडणाऱ्या गटाचे प्रमुख व्हिन्स कामिन्स्की यांनी कंपनीच्या आडवळणी व्यवहारांना हरकत घेतली, तर त्यांचा गट दुसरीकडे हलवण्यात आला. आर्थर अँडरसन या लेखापरीक्षक कंपनीतले कार्ल बास हिशेबांवर बोट ठेवत होते, तर मार्च २००१ मध्ये त्यांना एन्रॉनच्या कामातून बाजूला केलं गेलं. एप्रिलमध्ये विश्लेषकांबरोबरच्या दूरध्वनी बैठकीत त्यांच्यातल्या एकाने ताळेबंद का देत नाही असं विचारलं, तर स्किलिंगसाहेबांनी सगळ्यांच्या देखत त्याला शिवी हासडली. हा त्यांचा अभिप्राय निदान प्रामाणिक होता. १४ ऑगस्टला स्किलिंग यांनी राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी शेरन वॉटकिन्स या अधिकारी बाईंनी अध्यक्ष केनेथ ले यांना निनावी पत्र लिहिलं. हिशेबांच्या घोटाळ्यात ही कंपनी आतल्या आत कोसळेल अशी मला भीती वाटते, असा त्याचा आशय. नंतर त्या स्वतः जाऊन भेटल्याही. अध्यक्षांनी चौकशीचं काम ज्या वकिली कंपनीला दिलं तिने त्यातल्या काही व्यवहारांवर आधी स्वतःच काम केलेलं होतं. आणि अशी तक्रार करणाऱ्याला कामावरून काढलं तर कायद्याने काय होईल, याचाही सल्ला काही दिवसांतच कागदावर आला. २ डिसेंबर २००१ रोजी एन्रॉनने दिवाळखोरीचा अर्ज केला.

सहा-सहा महिन्यांनी सगळ्यांना आकडे वाटणाऱ्या कंपनीला एक आकडा कुणी विचारलाच नव्हता, आपला स्वतःचा.

आता कुणी म्हणेल, अमेरिकी कंपनीचं एवढं काय घेऊन बसलात, आपल्या शाळांचं बघा. बघू. रूथ बटलर या संशोधक बाईंनी १९८८ मध्ये इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. पुढचं काम सुधारलं ते नुसता शेरा मिळालेल्यांचं. दोन्ही मिळालेली मुलं नुसत्या गुणवाल्यांच्याच रांगेत राहिली, कारण आकडा दिसला की शेजाऱ्याचा आकडा बघायचा असतो, शेरा कोण वाचतो? १९९६ मध्ये क्लुगर आणि डेनिसी यांनी सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र तपासले, तर सरासरीने अभिप्रायाचा उपयोग दिसला खरा, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर कामगिरी चक्क घसरली होती. लक्ष कामावरून उठून ‘मी कसा आहे’ याकडे गेलं की ती घसरते, असं त्यांचं म्हणणं.

आपल्या राज्याने २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. त्यातली आकारिक मूल्यमापनाची कल्पना नेमकी हीच, की मूल शिकत असतानाच त्याला कुठे अडतंय ते सांगावं. गुरुजींनी प्रत्येक मुलाच्या, प्रत्येक विषयाच्या वर्णनात्मक नोंदी लिहाव्यात. पण पट मोठा, त्यात जनगणना, निवडणूक, पोषण आहाराचा हिशेब. म्हणून तयार वर्णनात्मक नोंदींच्या पुस्तिका निघाल्या, पीडीएफ फिरू लागल्या. ‘गटकार्यात आनंदाने सहभागी होतो’ हे वाक्य आज महाराष्ट्रातल्या किती मुलांना लागू आहे याची मोजदाद व्हावी. इतके आनंदी गट असलेल्या राज्यात सोसायटीच्या वार्षिक सभा शांततेत पार पडायला हव्या होत्या.

तर मग अभिप्राय चालतो तरी कुठे? एका जागी चालताना दिसला, तोही याच वीजप्रकरणात. ऑगस्ट १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला. दर वाढवायचा तर विद्युत मंडळाने आधी आयोगापुढे हिशेब मांडायचा, तो लोकांना उपलब्ध करायचा, लोकांनी हरकती घ्यायच्या, मंडळाने त्यांना लेखी उत्तर द्यायचं, मग उघड सुनावणी आणि शेवटी आयोगाने कारणांसह आदेश काढायचा. तेच प्रयासवाले, तेच ग्राहक संघटनांचे लोक, तेच तिखट प्रश्न. पण आता उत्तर न देऊन भागणार नव्हतं. आणि काय बाहेर आलं? मीटर नसलेल्या शेतीपंपांच्या नावावर मंडळ वारेमाप वीज दाखवत होतं, त्यामुळे गळती आणि चोरी कमी दिसत होती. हिशेब उलगडला तेव्हा खरी गळती सांगितली जात होती तिच्या जवळपास दुप्पट निघाली. वर्षानुवर्षं आपण वीज खाल्ल्याचं बिल शेतकऱ्याच्या माथी मारत होतो, आणि शहरी दिवाणखान्यांत त्यावर चर्चाही झडत होत्या.

तिथे कुणी वडापाव वाढला नव्हता. प्रश्न विचारणाऱ्यांची भाषा १९९५ मध्येही अशीच होती. बदल झाला तो ऐकणाऱ्याच्या खुर्चीत, कारण तिला लेखी उत्तराचं बंधन आलं. प्रशिक्षक मंडळी मात्र सगळी मेहनत बोलणाऱ्याच्या जिभेवर घेतात. साहजिक आहे, फी साहेब देतात आणि साहेबांच्या कानाविषयी बोललं तर पुढच्या मार्चचं काम जातं.

प्रकल्पाचं पुढे काय झालं म्हणाल, तर २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर नावाने तो पुन्हा उभा केला. दाभोळच्या माणसांना अजून तो एन्रॉनच. २०१३ मध्ये वायूची जहाजं लागायला टर्मिनल सुरू झालं, पण लाटा थोपवणारी भिंत अर्धवट, म्हणून पुढची कित्येक वर्षं पावसाळाभर जहाजं बंद. आषाढात दर्यात होडी घालू नये हे वेलदूरचं शेंबडं पोरही सांगतं. त्याला दोन कोटी डॉलर पडत नाहीत.

रत्नागिरी जिल्ह्याला अभिप्रायाची टंचाई कधीच नव्हती, हेही इथे नोंदवायला हवं. पु. ल. देशपांड्यांनी अंतू बर्वा याच जिल्ह्यातून उचलला. मुंबईहून गणपतीला आलेल्या पुतण्याला ओटीवर पाऊल ठेवायच्या आत त्याच्या तब्येतीपासून नोकरीपर्यंत संपूर्ण आढावा मिळतो, तोही विनाफॉर्म. देण्यात आपण महाराष्ट्रीय कुणाला हार जाणारे नाही. मात्र त्याच पुतण्याने, काका, बागेला खत कमी पडतंय, असं म्हणून पाहावं. घराण्याचा इतिहास निघेल.

या मार्चमध्ये एचआर खात्यांना एक सूचना करतो. मूल्यमापनाच्या फॉर्मात कर्मचाऱ्यासाठी इतके रकाने असतात, त्यात एक साहेबांसाठी वाढवा. गेल्या वर्षी हाताखालच्या माणसांनी केलेल्या कोणत्या सूचनेमुळे तुम्ही काय बदललं, आणि नसेल बदललं तर त्यांना लेखी उत्तर काय दिलं? तारखेसह भरावं, रिकामा रकाना असलेला फॉर्म घेतला जाणार नाही. साहेब म्हणतील, फॉर्म आधीच फार लांब आहे, आणखी रकाने नकोत. हा त्यांचा अभिप्राय त्याच रकान्यात लिहून घ्यावा.